हिरडीचा पाझर



गेल्या अंकात आपण माठ पाहिला. माठाच्या अंगातून बारीक पाणी पाझरतं, ते वाऱ्याने उडून जातं आणि म्हणून आतलं पाणी गार होतं, हे तुम्ही घरी करून पाहिलंत. पुष्कळ जणांनी पत्रं पाठवली. एकाने तर मलाच कोड्यात टाकलं. त्याने विचारलंय, "बाई, पाझर माठाला असतो, विहिरीला असतो, आपल्या गावच्या पाझर तलावालाही असतो. माणसाला असतो का हो?"

शाब्बास! असा प्रश्न पडला पाहिजे. असतो बरं का. तोही कुठे, तर तोंडात. तुम्ही म्हणाल, "हात्तिच्या, लाळच ना?" नाही, लाळ नव्हे. लाळेपेक्षा वेगळा, अगदी चिमुकला असा एक पाझर प्रत्येक दाताच्या मुळाशी असतो. तो दिसत नाही, त्याची चव लागत नाही. पण त्याला वाचता आलं, तर पुढे दात हलणार की टिकणार याचा अंदाज डॉक्टरांना बांधता येतो. आज त्याचीच गोष्ट.

गोष्ट सुरू झाली एका पेरूपासून.

आमच्या बेंबळीच्या शाळेत मधली सुट्टी संपत आली होती. चौथीतली एक मुलगी पेरू खात होती. शेजारची एकदम ओरडली, "बाई, हिच्या पेरूला रगत लागलंय!" पाहते तो खरंच, पेरूच्या पांढऱ्या गरावर लाल ठिपके. पोरं हसायला लागली. ती बिचारी तोंडावर हात ठेवून खाली मान घालून बसली.

मी तिला बाजूला घेतलं. विचारलं, "दात घासतेस ना गं?"

"न्हाई बाई. घासलं की रगत यायलंय. मग आई म्हणली, राहू दे, नकू घासूस."

तिच्या आईचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. लेकराच्या तोंडातून रक्त आलं की कुठल्याही आईला असंच वाटणार. चार-पाच वर्षांपूर्वी कुणी मला विचारलं असतं, तर मीही तेच सांगितलं असतं. पण मधल्या काळात आमच्या घरी एक गोष्ट घडली होती.

माझी आई लहानपणापासून मिश्री लावायची. मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली आणि कुटून बारीक केलेली तंबाखू. शहरातल्या मुलांना कदाचित ठाऊक नसेल, पण आपल्या महाराष्ट्रातल्या खेड्यांत कितीतरी बायका सकाळी चुलीपुढे बसून बोटाने मिश्री लावतात. "मिश्रीने दात बळकट होतात," असं आईला तिच्या आईने सांगितलं होतं.

एकदा थंडीच्या दिवसांत आम्ही सगळे शेतात हुरडा खायला गेलो. आगटीतून कणसं निघत होती. आई तळहातावर चोळून गरम गरम हुरडा सगळ्या मुलांना देत होती. स्वतः मात्र एक दाणा तोंडात टाकत नव्हती.

"आई, तू का खाईनास?" मी विचारलं.

"दात हलायलेत गं."

"मग दुखतंय का?"

"दुखत न्हाई. म्हणून तर कुणाला सांगितलं न्हाई."

मुलांनो, हे वाक्य नीट लक्षात ठेवा. *दुखत नाही, म्हणून सांगितलं नाही.* दाताला कीड लागली की ठणका लागतो, रात्रभर झोप येत नाही, मग माणूस धावत डॉक्टरकडे जातो. हिरडीचा आजार मात्र मोठा लबाड. तो सहसा न दुखता वाढतो. घरात चोर शिरावा, रोज मूठभर धान्य न्यावं आणि कणगी रिकामी झाल्यावर आपल्याला कळावं, तसं होतं. आईला वाटत होतं वय झालं. वय होतं फक्त अठ्ठावन्न!

आम्ही आईला एका दंत महाविद्यालयात घेऊन गेलो. तिथे हिरड्यांच्या आजारांचा वेगळा विभाग असतो. पुढचं शिक्षण घेणाऱ्या एक तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी आईचं तोंड तपासलं, फोटो काढला आणि मग अदबीने विचारलं, "मावशी, आमच्या अभ्यासासाठी तुमच्या दातापाशी एक कागद लावून बघू का? दुखणार नाही."

"कागूद? आन् दाताला?" आई हसायलाच लागली. पण हो म्हणाली.

त्यांनी एका दाताच्या दोन्ही बाजूंना कापूस ठेवला, म्हणजे लाळ आड यायला नको. दातावरचा चिकट थर हलक्या हाताने काढला. वाऱ्याच्या नळीने दात कोरडा केला. मग चिमट्यात एक इवलीशी पांढरी कागदी पट्टी धरली आणि तिचं टोक दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद टेकवलं. म्हणाल्या, "बाई, तीस आकडे मोजा." मी वर्गात मोजते तशी मोजले. तीस सेकंद झाल्यावर पट्टी बाहेर काढली. टोक ओलं झालं होतं.

"हाच तो पाझर," त्या म्हणाल्या.

आता हा पाझर येतो कुठून, ते पाहू.

आरशासमोर उभे राहा आणि ओठ वर करा. दात हिरडीतून वर आलेला दिसतो. तुम्हाला वाटेल, हिरडी दाताला गच्च चिकटलेली आहे. तशी ती नसते. सदऱ्याची कॉलर मानेभोवती असते ना, तशी हिरडीची कड दाताभोवती असते. कॉलर आणि मान यांच्यामध्ये जशी जागा, तशीच एक अरुंद खोबण दात आणि हिरडी यांच्यामध्ये असते. निरोगी माणसात ती फार तर १ ते ३ मिलिमीटर खोल असते. पट्टीवर १ मिलिमीटर केवढा असतो ते आत्ताच पाहून घ्या.

या खोबणीत रक्तवाहिन्यांमधून झिरपलेला द्रव हळूहळू येत राहतो. किती येतो? औषधाच्या ड्रॉपरने टाकलेल्या एका थेंबाचे पन्नास समान भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे साधारण एक मायक्रोलिटर. निरोगी दाताच्या फटीत तेवढा किंवा त्याहूनही कमी द्रव असतो. एवढासा द्रव डोळ्यांना काय दिसणार? म्हणून कागद वापरायचा. टीपकागद शाई शोषतो, तसा हा कागद पाझर शोषून घेतो. मग ती पट्टी एका छोट्या यंत्राच्या दोन चकत्यांमध्ये ठेवतात. कागद जितका ओला, तितका विजेच्या मोजमापात फरक पडतो आणि यंत्रावर आकडा उमटतो.

हिरडी निरोगी असली की पाझर अगदी थोडा. हिरडी सुजली की पाझर वाढतो. डॉक्टरीण बाईंनी आईच्या एका हलत्या दाताजवळचा आणि एका बऱ्या दाताजवळचा, असे दोन आकडे मला दाखवले. दोहोंत मोठी तफावत होती. मला चेव आला. म्हटलं, "माझाही पाहा." मनात म्हटलं, आपण रोज घासतो, आपल्याला काय होणार! तर मागच्या एका दाढेजवळची पट्टी चांगलीच ओली निघाली. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "बाई, तुमचा ब्रश इथपर्यंत पोचत नाही." मुलांना धडे देणारी मी, पण त्या दिवशी माझाच कान पिळला गेला.

बरं, हा पाझर वाढतो तरी का?

आपण जेवलो की दातांवर एक चिकट थर बसतो. जिभेने चाचपलं तर सकाळी तो बुळबुळीत लागतो. त्यात असंख्य जिवाणू असतात. हॉलंडमधल्या लेव्हेनहूक या माणसाने १६८३ साली आपल्याच दातांवरचा पांढरा थर स्वतः बनवलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात वळवळणारे जीव पाहून तो थक्क झाला. थर तसाच राहिला की तो कडक होतो. त्याला आपण कीटण म्हणतो.

थरातले जिवाणू हिरडीला त्रास देऊ लागले की शरीर स्वस्थ बसत नाही. ते तिकडे जास्त रक्त पाठवतं. म्हणून हिरडी लाल होते, फुगते, जरा धक्का लागला तरी रक्त येतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपले शिपाई. ते रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून फटीत उतरतात. म्हणजे पाझर हा नुसता द्रव नसतो. त्यात शिपाई असतात, जिवाणू असतात, मेलेल्या पेशी असतात आणि शिपायांची हत्यारंही असतात. या हत्यारांना विज्ञानात विकरं म्हणतात.

इथेच खरी गोम आहे. दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तो बारीक बारीक तंतूंनी हाडाला बांधलेला असतो. जशी बाज सुंभाने विणलेली असते ना, तसा. शिपायांकडे एमएमपी-८ नावाचं एक विकर असतं. त्याचं काम तंतू कापणं. थोडं असलं तर ते उपयोगाचं, कारण जुनं काढून नवं विणावं लागतं. पण रोज घाण, रोज लढाई, रोज हत्यार परजलेलं, असं वर्षानुवर्षं चाललं तर काय होईल? जिवाणू राहतात बाजूला आणि बाजेची सुंभंच तुटत जातात. मग हाड झिजतं, खोबणीचा खड्डा होतो आणि दात हलू लागतो. यालाच लोक पायरिया म्हणतात. आपल्या सुश्रुतसंहितेतही हिरडीतून पू-रक्त येऊन दात हलवणारा 'दंतवेष्ट' नावाचा रोग सांगितला आहे. म्हणजे दुखणं फार जुनं आहे.

जगात हे दुखणं किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे मोठ्या माणसांपैकी सुमारे १९ टक्के लोकांना हिरड्यांचा गंभीर आजार आहे. शंभर माणसांत एकोणीस!

आता कागदाच्या पट्टीची थोडी हकिकत ऐका. १९५८ साली ब्रिल आणि क्रासे या दोन दंतशास्त्रज्ञांनी कुत्र्यांना एक चमकणारा रंग टोचला. थोड्याच मिनिटांत हिरडीच्या फटीत ठेवलेल्या कागदावर तोच रंग उमटला. म्हणजे रक्तातून खोबणीपर्यंत वाट आहे, हे नक्की झालं. पुढे शास्त्रज्ञ पाझर किती, एवढंच न पाहता पाझरात काय आहे, हेही पाहू लागले. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातले टिमो सोर्सा आणि त्यांचे सहकारी यांनी एमएमपी-८ वर पुष्कळ वर्षं काम केलं. त्यातून काही मिनिटांत उत्तर देणाऱ्या चाचण्या तयार झाल्या. करोनाच्या वेळी नाकातला स्राव घेऊन पट्टीवर एक रेघ येते की दोन, हे पाहायचे, आठवतं? तशाच रेघांच्या या चाचण्या. फटीतला पाझर घेऊन किंवा तोंडात पाणी खुळखुळवून त्या करतात.

तुम्ही विचाराल, "बाई, पण डॉक्टर तर आकड्याची सळई घालून खड्डा मोजतात, फोटोही काढतात. मग पाझर कशाला?"

चांगला प्रश्न. ओढ्याकाठचं शेत डोळ्यांसमोर आणा. पावसाने बांध किती खचला, हे फुटपट्टी लावून मोजता येतं. पण ती मोजणी झालेल्या नुकसानीची. आज या घटकेला माती वाहून जातेय की नाही, हे कसं कळणार? ओढ्याचं पाणी पाहून. पाणी गढूळ असेल तर माती जातेय, नितळ असेल तर थांबलीय. सळई आणि फोटो बांध किती खचला ते सांगतात. पाझर सांगतो, पाणी गढूळ आहे की नितळ.

म्हणून काही सळई टाकून द्यायची नसते हं. पट्टीवर लाळ किंवा रक्त लागलं तर आकडा चुकतो. एकट्या पाझरावरून दाताचं भविष्य कुणी छातीठोकपणे सांगत नाही. गावच्या दवाखान्यात ही तपासणी सहसा मिळणारही नाही. ती जास्त करून दंत महाविद्यालयांत, संशोधनासाठी होते. डॉक्टरांचे डोळे, सळई, फोटो आणि जोडीला पाझर, असं मिळून ठरवायचं असतं.

पण खेड्यातल्या माणसाने खट्टू व्हायचं कारण नाही. पाझर वाढल्याची एक फुकटची खूण आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. ती म्हणजे घासताना येणारं रक्त. आणि त्या रक्ताचा अर्थ "घासू नकोस" असा नसून "नीट घास" असा असतो.

हे कशावरून? डेन्मार्कमधल्या आरहूस इथे एक प्रयोग झाला. तो १९६५ साली प्रसिद्ध झाला. हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. १० ते २१ दिवसांत बाराच्या बारा जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांनी पुन्हा घासायला सुरुवात केली आणि साधारण आठवडाभरात हिरड्या पहिल्यासारख्या झाल्या. तुम्ही मात्र हा प्रयोग करायचा नाही. तो बारा जणांनी तुमच्यासाठी करून ठेवलाय.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की, नुसती सूज असेपर्यंत हिरडी पूर्ण बरी होते. एकदा हाड झिजलं की ते आपलं आपण भरून येत नाही. आजार तिथेच थांबवता येतो, एवढंच. म्हणून लवकर कळणं महत्त्वाचं.

पेरूवाल्या मुलीच्या आईला मी शाळेत बोलावलं. समोर बसवून हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बाई, मला वाटलं लेकराला इजा व्हायली." मग त्यांनी मुलीसाठी मऊ ब्रश आणला. पहिले काही दिवस रक्त आलं. मुलगी घाबरायची, पण तिने सोडलं नाही. वहीच्या मागच्या पानावर ती रोज एक खूण करायची. रक्त आलं तर फुली, नाही आलं तर गोल. पहिल्या आठवड्यात फुल्याच फुल्या. दुसऱ्या आठवड्यात गोल वाढू लागले. तिसऱ्या आठवड्यात ओळीने सगळे गोल. ती वही दाखवायला ती धावत आली, तेव्हा प्रथमच तोंडावर हात न ठेवता हसली. तरीही मी तिला दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलंच. दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबलं नाही, तर त्याची इतर कारणंही असू शकतात आणि ती डॉक्टरांनीच शोधायची असतात.

आणि माझी आई? तिचे दोन दात काढावे लागले. बाकीचे कीटण काढून, खोलवर साफ करून वाचले. मिश्री सोडणं सोपं नव्हतं. तंबाखूची तलफ वाईट. दोनदा सोडली, दोनदा पुन्हा लावली. तिसऱ्यांदा सुटली. तिला साखरेचा आजार निघाला, तोही तिथेच कळला. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार ही जोडगोळी आहे, एक वाढला की दुसऱ्याला जोर येतो. आता दोन्हींवर उपचार चालू आहेत. हुरडा ती आजही जपूनच खाते. पण खाते.

पालकांसाठी दोन शब्द. तंबाखू घातलेल्या दंतमंजनावर सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. तरी घरी तव्यावर भाजलेली मिश्री कोण अडवणार? ती आपणच अडवायची. तंबाखूने हिरड्या खाली सरकतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरडीतून तर रक्तही कमी येतं, म्हणजे धोक्याची घंटाच मुकी होते. लेकरू पाहतं ते शिकतं, म्हणून मिश्रीची डबी त्याच्या हाती आणायला देऊ नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक शाळेत तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका आणि रक्त येत असेल तर पथकाला आवर्जून सांगा.

तर मुलांनो, एवढं करा :

१. सकाळी आणि रात्री झोपताना, दोन्ही वेळा दात घासा. दोन मिनिटं, मऊ ब्रशने.

२. ब्रश दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे थोडा तिरका धरा. मागची दाढ विसरू नका. बाईंची चूक तुम्ही करू नका!

३. राखुंडी, विटकरीचा भुगा, मिश्री दाताला लावू नका.

४. हिरडीच्या फटीत काडी, टाचणी, कागद काहीही घालू नका. ते काम डॉक्टरांचं.

करून पाहा : दोन बशा घ्या. एकीत शाईच्या पाण्याचा एक थेंब टाका, दुसरीत पाच. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. दोन्हींची टोकं थेंबांत टेकवा आणि तीस आकडे मोजा. कुठली पट्टी किती मिलिमीटर भिजली ते मोजून लिहा. डॉक्टरीण बाई काय पाहत होत्या, ते तुम्हाला आपोआप कळेल.

विचार करा : पट्टी लावण्याआधी डॉक्टरीण बाईंनी दात कोरडा का केला असेल? नसता केला तर आकड्याचं काय झालं असतं? उत्तर पोस्टकार्डावर लिहून पाठवा.

आणि हो, आज रात्री आजीजवळ बसा. हळूच विचारा, "आजी, तुझा दात हलतो का गं?" ती म्हणेल, "दुखत न्हाई." तेव्हा काय सांगायचं, ते आता तुम्हाला माहीत आहे.

पुढच्या अंकात पाहू, भाकरी का फुगते?

तुमच्या बाई